‘इतिहास ठरवील’ ही पळवाट आहे

पायउतार होणाऱ्या राज्यकर्त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: माझ्या कारकिर्दीचा निवाडा इतिहास करील. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २० जानेवारी २००९ रोजी व्हाइट हाउस सोडले. त्याआधीची दोन-तीन वर्षे ते हेच सांगत होते. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर अजूनही पुस्तके निघत आहेत, मग त्रेचाळिसाव्याने आतापासून काळजी कशाला करायची, असा त्यांचा युक्तिवाद असे. इराक युद्धाविषयी इतिहास काय म्हणेल असे पत्रकार बॉब वुडवर्ड यांनी विचारले, तेव्हा ते कळायचे नाही, तोवर आपण सगळे मेलेले असू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. या उत्तरात मिश्कीलपणा आहे, नम्रतेचा आभास आहे आणि, आमच्या मते, मोठ्या सफाईने काढलेली एक पळवाट आहे. निवाडा करणारा न्यायाधीशच अजून जन्मायचा आहे असे एकदा ठरले, की आज साक्ष द्यायला उभ्या असलेल्यांना घरी पाठवता येते.

ही पळवाट किती उपयोगी पडली, हे गेल्या दीड दशकात दिसले आहे. सप्टेंबर २००१ मध्ये गॅलपच्या चाचणीत बुश यांच्या कामगिरीला ९० टक्के अमेरिकनांची पसंती होती. ऑक्टोबर २००८ मध्ये ती २५ टक्क्यांवर आली. एवढी उंची आणि एवढी घसरण एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच आली असेल. पण पुढे २०१८च्या जानेवारीत सीएनएनच्या एका चाचणीत ६१ टक्के लोकांनी त्यांच्याविषयी अनुकूल मत दिले. मधल्या काळात बुश यांनी इराकविषयी काही नवे सांगितले होते काय? एखादा लपलेला पुरावा उजेडात आला होता काय? मुळीच नाही. त्यांनी चित्रकला शिकून जखमी सैनिकांची व्यक्तिचित्रे रंगवली होती आणि त्यांच्या पक्षात त्यांच्याहून कर्कश असा एक नेता अवतरला होता. एखाद्या कवीचे काव्य पुढच्या पिढीतील कवी वाईट निघाले म्हणून चांगले ठरते, असे कोणी म्हणू लागला तर आपण त्याला समीक्षक म्हणणार नाही. राज्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र हीच समीक्षा बिनदिक्कत चालते.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक आहोत. युद्धशास्त्र आणि अर्थशास्त्र ही आमची क्षेत्रे नव्हेत. तरीही या प्रश्नात आम्ही तोंड घालतो, याचे कारण असे की बुश यांची कारकीर्द हा शब्दांच्या वापराचा आणि गैरवापराचा एक अवाढव्य संग्रह आहे, आणि शब्द वाचणे हे आमचे काम आहे. सुरुवात ‘वारसा’ या शब्दापासूनच करावी. इंग्रजीतल्या ‘लेगसी’ला आपण मराठीत वारसा म्हणतो आणि पुढे जातो. पण मराठीत वारसा म्हटला की वारस आला. वारसाहक्काने जमीनजुमला येतो तसे कर्जही येते, आणि वाडवडिलांचे कर्ज फेडता फेडता आयुष्ये संपलेली माणसे आपल्या कथा-कादंबऱ्यांत पदोपदी भेटतात. तेव्हा बुश यांचा वारसा काय, असे मोघम न विचारता आम्ही असे विचारू इच्छितो: त्यांचे वारस कोण, आणि त्या वारसांच्या पदरात नेमके काय पडले?

पहिला हिशोब युद्धाचा. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर अल-कायदाला आश्रय देणाऱ्या तालिबानविरुद्ध ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानात सुरू झालेल्या कारवाईला जगातल्या बहुतेक राष्ट्रांची सहानुभूती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या कारवाईला दिलेल्या नावाचा आहे. ‘दहशतवादाविरुद्ध युद्ध’ या शब्दप्रयोगात शत्रू म्हणून एक पद्धत उभी केली आहे. राष्ट्र शरण येते, सैन्य शस्त्रे खाली ठेवते. पद्धत कधीच शरण येत नाही. म्हणजे या युद्धाला शेवट नसणे हे त्याच्या नावातच ठरून गेले होते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने लष्करी बळाच्या वापराला ४२० विरुद्ध १ मताने मंजुरी दिली. ते एकमेव विरोधी मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. आपण शेवट ठाऊक नसलेल्या युद्धाला कोरा धनादेश देत आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हटले गेले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. बाई बरोबर होत्या, हे मान्य करायला कोणत्या शतकातल्या इतिहासकाराची वाट पाहायची?

अफगाणिस्तानातले काम अर्धवट असतानाच इराकची तयारी सुरू झाली. ‘दुष्टांचा अक्ष’ हा शब्द जानेवारी २००२च्या भाषणातला. दुसऱ्या महायुद्धातल्या अक्ष राष्ट्रांची आठवण जागवणारे हे रूपक होते. पण त्यात कोंबलेल्या इराक आणि इराण या दोन देशांनी १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे एकमेकांशी भीषण युद्ध केले होते. रूपक वास्तवाशी विसंगत असेल तर कवितेत ते फसते. राजकारणात वास्तवच रूपकाच्या मापाने कापले जाते. जानेवारी २००३च्या भाषणात, इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत असल्याचा दावा आला; काही महिन्यांत व्हाइट हाउसलाच कबूल करावे लागले की तो भाषणात यायला नको होता. ५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत छायाचित्रे आणि ध्वनिफिती सादर केल्या. सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर पिकासोच्या ‘गेर्निका’ची विणलेली प्रतिकृती टांगलेली असते. त्या दिवसांत ती निळ्या कापडाने झाकण्यात आली. कॅमेऱ्यांसाठी पार्श्वभूमी नीट दिसावी, असे कारण सांगितले गेले. बाँबवर्षावाखाली फाटलेल्या माणसांचे चित्र झाकून बाँबवर्षावाचा युक्तिवाद मांडला गेला, याहून बोलके भाष्य कोणत्याही समीक्षकाला सुचले नसते. पॉवेल यांनी नंतर त्या भाषणाला स्वतःच्या कारकिर्दीवरचा डाग म्हटले.

त्याच फेब्रुवारीत आणखी एक प्रसंग घडला, जो साहित्याच्या वर्गात अवश्य सांगितला जावा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकी कवितेवर एक परिसंवाद योजला होता. विषय होते वॉल्ट व्हिटमन, एमिली डिकिन्सन आणि लँग्स्टन ह्यूज. निमंत्रितांपैकी कवी सॅम हॅमिल यांनी इतर कवींना युद्धविरोधी कविता पाठवण्याचे आवाहन केले आणि हजारो कवितांचा पाऊस पडला. कवितेला राजकारणाचे रूप येऊ नये, असे सांगून परिसंवाद पुढे ढकलण्यात आला. गृहयुद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारा व्हिटमन आणि वर्णद्वेषाशी आयुष्यभर झुंजणारा ह्यूज यांच्या नावाने भरणाऱ्या सभेत राजकारण नको, ही अपेक्षा कवितेविषयीच्या अज्ञानातून आली नव्हती. कविता काय करू शकते याची चांगली जाण असलेल्यांनाच तिची अशी भीती वाटते.

२० मार्च २००३ रोजी युद्ध सुरू झाले. १ मे रोजी विमानवाहू नौकेवर ‘कामगिरी फत्ते’ अशा अर्थाच्या फलकाखाली बुश यांनी भाषण केले. त्या दिवसापर्यंत इराकमध्ये सुमारे १४० अमेरिकी सैनिक मृत्यू पावले होते. फत्ते झालेल्या कामगिरीत पुढे आणखी चार हजारांहून अधिक गेले. इराकी नागरिकांची मोजदाद करण्याची तसदी सरकारी पातळीवर कोणी घेतली नाही. ‘इराक बॉडी काउंट’ या गटाने बातम्या व अन्य नोंदी पडताळून जी यादी केली, तिच्यात हिंसेत बळी पडलेले नागरिकच एक लाख ऐंशी हजारांहून अधिक भरतात. ज्यांसाठी हे सगळे झाले, ती सर्वसंहारक शस्त्रास्त्रे सापडली नाहीत. तपास पथकाच्या २००४च्या अहवालाने त्यांचे साठे नव्हतेच असे सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये पत्रकारांच्या एका भोजनसमारंभात बुश यांनी आपली छायाचित्रे दाखवली: ते कार्यालयातल्या खुर्च्या-टेबलांखाली वाकून ती शस्त्रे शोधत आहेत. सभागृह हसले. ज्या कारणासाठी माणसे मरत होती ते कारण खोटे निघाले, याचा त्यांनी विनोद केला. या एका प्रसंगाचे सौम्य वाचन कसे करायचे, हे आम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.

मे २००३ मध्ये बगदादच्या अमेरिकी प्रशासनाने पाठोपाठ दोन आदेश काढले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकऱ्यांतून दूर केले. दुसऱ्याने इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो माणसे, त्यांतील असंख्य शस्त्रधारी आणि लष्करी शिक्षण घेतलेली, एका फटक्यात रोजगाराला आणि प्रतिष्ठेला मुकली. पुढच्या बंडाळीला मनुष्यबळ कोठून मिळाले हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०१४च्या जूनमध्ये मोसुल काबीज करणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’च्या लष्करी नेतृत्वात सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी होते. २००७ साली जादा कुमक पाठवण्याचा बुश यांचा निर्णय हिंसाचार कमी करण्यात उपयोगी पडला, हे आम्ही मान्य करतो. मात्र सुन्नी टोळ्यांनी अल-कायदाकडे फिरवलेली पाठ हेही त्याचे एक कारण होते. शिवाय आपणच लावलेल्या आगीचा एक भाग विझवल्याबद्दल अग्निशामकाचे पदक मागायचे असेल, तर आधी आग कोणी लावली ते बोलले पाहिजे.

आणि येथेच भाषेचा सर्वांत काळा अध्याय येतो. ऑगस्ट २००२ मध्ये न्यायखात्यातील वकिलांनी छळाची व्याख्याच अशी आवळून टाकली, की अवयव निकामी होण्याच्या किंवा मृत्यूच्या तोडीची वेदना झाली तरच तिला छळ म्हणावे. माणसाला फळीवर बांधून, तोंडावर कापड टाकून पाणी ओतणे, दिवसेंदिवस झोपू न देणे, थंडीत उघडे ठेवणे यांना ‘चौकशीच्या वर्धित पद्धती’ असे नाव मिळाले. पारिभाषिक शब्द घडवण्याची ही कला कोणत्याही परिभाषा-कोशमंडळाला लाजवील. डिसेंबर २००५ मध्ये कैद्यांना क्रूर वागणूक देण्यास बंदी घालणारा कायदा बुश यांनी सहीनिशी मंजूर केला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक अधिकारांशी सुसंगत असा त्याचा अर्थ आपण लावू, असे निवेदन सोबत जोडले. संहिता तीच, अर्थ आमचा! अर्थनिर्णयाच्या स्वातंत्र्यावर व्याख्याने देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे निवेदन जरूर वाचावे. अर्थ लावण्याचा अधिकार तुरुंगाच्या किल्ल्यांसह एकाच हाती गेला म्हणजे काय होते, ते त्यात दिसते. २००२च्या जानेवारीत ग्वांतानामोचा तुरुंग सुरू झाला. तेवीस वर्षांनी, २०२५च्या जानेवारीतही तेथे १५ कैदी होते. हा वारसा चालता-बोलता आहे.

दुसरा हिशोब पैशाचा. बुश सत्तेवर आले तेव्हा अमेरिकेच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती. २००० या वित्तीय वर्षात ती सुमारे २३,६०० कोटी डॉलर होती. २००१ आणि २००३ मध्ये त्यांनी मोठ्या करकपाती केल्या. त्यांचा सर्वाधिक लाभ वरच्या उत्पन्नगटाला झाला. २००३ची कपात सिनेटमध्ये ५०–५० मतांवर अडकली आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मताने पार पडली. तोवर दोन युद्धे सुरू झाली होती. अमेरिकेने आपल्या मोठ्या युद्धांत परंपरेने कर वाढवले होते. युद्ध पुकारून कर कमी करणारा हा राष्ट्राध्यक्ष विरळाच. लढाईची झळ करदात्याला लागू द्यायची नाही, म्हणजे तो प्रश्न विचारणार नाही, हा त्यातला हिशोब होता. युद्धाला दहा ते वीस हजार कोटी डॉलर लागतील असे सप्टेंबर २००२ मध्ये जाहीरपणे सांगणारे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे डिसेंबरात पदावरून गेले. प्रत्यक्षात त्यांचाही आकडा हास्यास्पद रीतीने लहान निघाला. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये ११ सप्टेंबरनंतरच्या सर्व युद्धांचा खर्च, सैनिकांच्या भावी शुश्रूषेसह, सुमारे आठ लाख कोटी डॉलर काढला.

बुश आले तेव्हा देशावरचे कर्ज सुमारे ५.७ लाख कोटी डॉलर होते. गेले तेव्हा १०.६ लाख कोटी. बेरोजगारी ४.२ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर गेली होती. सत्तांतराच्या आधीच, जानेवारी २००९ मध्ये, काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने त्या वर्षी १.२ लाख कोटींची तूट येईल असे भाकीत केले होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी पेढी कोसळली आणि तिच्यामागे जगभरची पतव्यवस्था.

या अरिष्टाचे एकट्या बुश यांना धनी करणे अन्यायाचे होईल. बँकांमधल्या जुन्या भिंती पाडणारा कायदा १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने झाला; व्याजदर खाली ठेवले ते ॲलन ग्रीनस्पॅन यांनी; आणि गृहकर्जाच्या दोन निमसरकारी संस्थांवर कडक देखरेख हवी, असे बुश प्रशासन अधूनमधून म्हणत होते. एवढे मान्य करूनही उत्तरदायित्व उरतेच. बाजार स्वतःला शिस्त लावतो ही त्यांची श्रद्धा होती आणि नियंत्रक संस्थांवर नेमलेली माणसे त्याच श्रद्धेची होती. ‘मालकांचा समाज’ हे त्यांचे आवडते घोषवाक्य. ज्याच्याकडे फेडण्याची ऐपत नाही त्यालाही घरमालक करणारी कर्जे त्यांच्याच काळात फोफावली. अखेरीस ७०,००० कोटी डॉलरच्या सरकारी मदतीची योजना त्यांनी स्वपक्षाचा विरोध पत्करून आणली. तो निर्णय योग्य होता, धैर्याचाही होता. पण डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी त्याचे जे वर्णन केले ते ध्यानात घ्यावे: मुक्त बाजार वाचवण्यासाठी आपण मुक्त बाजाराची तत्त्वे बाजूला ठेवली. बँक बुडाली की तत्त्वे बाजूला ठेवता येतात. कर्जदाराचे घर जप्त होते तेव्हा मात्र तत्त्वे अढळ राहतात. या वाक्याचे वारस कोण, हे त्या वर्षांत घराबाहेर पडलेल्या लाखो कुटुंबांना विचारावे.

तिसरा हिशोब नेतृत्वाचा. बुश यांचे चाहते त्यांच्या ठामपणाची थोरवी गातात. ठामपणा हा गुण खरा. पण कशाविषयीचा ठामपणा? २००४च्या ऑक्टोबरात पत्रकार रॉन ससकिंड यांनी बुश यांच्या एका निनावी सहायकाचे बोल छापले. तुम्ही वास्तवाचा अभ्यास करत बसा, आम्ही साम्राज्य आहोत आणि आम्ही आमचे वास्तव स्वतः घडवतो, असा त्यांचा आशय होता. अशा दरबारात खरे बोलणाऱ्याचे काय होते, याचा पुरावा कागदोपत्री आहे. इराकसाठी काही लाख सैनिक लागतील असे फेब्रुवारी २००३ मध्ये सांगणाऱ्या लष्करप्रमुख एरिक शिनसेकी यांचा अंदाज संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी जाहीरपणे खोडून काढला. शस्त्रास्त्रांविषयी चुकीची माहिती पुरवणाऱ्या गुप्तचर यंत्रणेचे प्रमुख जॉर्ज टेनेट आणि इराकी सैन्य बरखास्त करणारे पॉल ब्रेमर यांना मात्र डिसेंबर २००४ मध्ये देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले. कोणत्या शाळेत अशा रीतीने गुण देतात?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळ धडकले. बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. गरीब आणि प्रामुख्याने कृष्णवर्णीय माणसे छपरांवर आणि क्रीडागारात दिवसेंदिवस अन्नपाण्यावाचून अडकली. हजाराहून अधिक मेली. राष्ट्राध्यक्षांनी आधी विमानाच्या खिडकीतून ते दृश्य पाहिले. मग तेथे पोचल्यावर त्यांनी आपत्ती-निवारण खात्याच्या प्रमुखांना फक्कड काम चालवल्याची शाबासकी दिली. हे गृहस्थ त्या खात्यात येण्यापूर्वी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत अधिकारी होते. दहा दिवसांच्या आत त्यांनी राजीनामा दिला. इराकचे वाळवंट दूर होते, तेथील बातम्या फिरवता येत होत्या. न्यू ऑर्लिन्सचे प्रेत घराच्या उंबरठ्यावर तरंगत आले. आमच्या मते बुश यांची घसरण तेथून अपरिवर्तनीय झाली, कारण वास्तव घडवण्याचा दावा करणाऱ्यांना साधी पाण्याची बाटली पोचवता आली नाही.

आता त्यांच्या बाजूचे जे सांगितले जाते, त्याची दखल न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ साली त्यांनी सुरू केलेल्या एड्स-निवारण कार्यक्रमाने, प्रामुख्याने आफ्रिकेत, लक्षावधी माणसे जगवली. पाच वर्षांसाठी १,५०० कोटी डॉलरची ती योजना त्यांच्याच आग्रहाने उभी राहिली आणि तिचे श्रेय त्यांचेच आहे. ११ सप्टेंबरनंतर सहा दिवसांनी ते वॉशिंग्टनच्या मशिदीत गेले आणि इस्लामशी आपले वैर नाही असे म्हणाले, हेही खरे. परंतु पुण्य आणि पाप यांची वजाबाकी करून शिल्लक काढण्याची रीत चित्रगुप्ताची असेल, समीक्षेची नव्हे. आफ्रिकेत वाचलेल्या बालकाने फलूजात मेलेल्या बालकाची भरपाई होत नाही. दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे, शेजारी शेजारी राहिल्या पाहिजेत.

भारतात मात्र एकच नोंद ठेवण्याची प्रथा पडली आहे. जुलै २००५च्या संयुक्त निवेदनापासून ऑक्टोबर २००८च्या कराराच्या सह्यांपर्यंत बुश यांनी अणुसहकार्याचा पाठपुरावा केला. सप्टेंबर २००८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये डॉ. मनमोहन सिंग त्यांना म्हणाले की भारताच्या जनतेचे आपल्यावर गाढ प्रेम आहे. जनतेला कोणी विचारले होते, कोण जाणे! याच देशाच्या लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये इराकवरील आक्रमणाविरुद्ध ठराव केला होता. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता. इंग्रजीत त्याचे रूपांतर ‘कंडेम’ असे न होता सौम्य ‘डिप्लोर’ असे झाले. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी कोणते उदाहरण हवे? जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवण्यास नकार दिला, ही त्या काळातील एक शहाणपणाची कृती आज कोणाच्या स्मरणात नाही. अणुकराराचे पडसाद आपल्या कोकणातही उमटले. आंतरराष्ट्रीय निर्बंध उठल्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये फ्रेंच कंपनीशी सामंजस्य करार होऊन जैतापूरचा प्रकल्प पुढे सरकला, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मरण पावला. प्रकल्प योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. दिल्लीतल्या प्रेमाचा वारसा रत्नागिरी जिल्ह्यात काय रूप घेतो, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

पुन्हा भाषेकडे येऊ. १२ जानेवारी २००९च्या अखेरच्या पत्रकार परिषदेत बुश यांना चुकांविषयी विचारले गेले. फलक लावणे ही चूक होती, असे त्यांनी मान्य केले. शस्त्रास्त्रे न सापडणे ही आणि अबू ग्रैबच्या तुरुंगातील प्रकार ही त्यांच्या लेखी ‘निराशा’ होती. निराशा माणसाला होते, निराशा माणूस करत नाही. आपल्या व्याकरणात कर्ता लोपवण्याच्या अनेक सोयी आहेत: चुका झाल्या, निर्णय घेतले गेले, माणसे दगावली. इंग्रजीतही त्या आहेत, आणि बुश प्रशासनाने त्यांचा पुरेपूर लाभ घेतला. जबाबदारी माझी, असे ते म्हणाले तेही चुका ‘झाल्या असतील तेथे’ अशा पुष्टीसह. कर्ता शोधणे हे वाचकाचे पहिले काम आहे. वाक्यात तो सापडत नसेल तर घटनेत शोधावा. हॅरॉल्ड पिंटर यांनी डिसेंबर २००५ मध्ये, आजारपणात ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या नोबेल व्याख्यानात हेच केले. नाटकातल्या सत्याविषयी बोलता बोलता ते थेट बुश आणि ब्लेअर यांच्या नावांवर आले. लेखकाने एवढे स्पष्ट बोलणे अनेकांना तेव्हा असभ्य वाटले होते.

मराठी समाजाला पराभवाचा वारसा कसा सांभाळायचा, हे थोडेफार ठाऊक आहे. १७६१चा रणसंग्राम आपण भाषेत मुरवून टाकला. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार अडीचशे वर्षे आपल्याला आपलाच विनाश आठवून देतो. बखरकारांनी काही झाकले, काही रंगवले. पण कोण चुकले, कोणाचा सल्ला डावलला गेला, हा वाद त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी उघडा ठेवला. इतिहास ठरवील म्हणून ते गप्प बसले नाहीत. याउलट डॅलसमध्ये एप्रिल २०१३ मध्ये बुश यांच्या नावाचे जे ग्रंथालय-संग्रहालय उघडले, त्यात एक संवादी रंगमंच होता. इराक, कॅट्रिना, आर्थिक अरिष्ट अशा प्रसंगी तुम्ही राष्ट्राध्यक्ष असता तर काय केले असते, यावर तेथे प्रेक्षकांनी मतदान करायचे. निर्णय अवघड होता हे पटवण्याची ही युक्ती आहे. अवघड निर्णय चुकीचाही असू शकतो, आणि त्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न त्या खेळात येत नाही. फलूजातल्या माणसाला त्या रंगमंचावर मताधिकार नाही.

१८ मे २०२२ रोजी त्याच शहरात बोलताना बुश रशियाच्या पुतिन यांच्यावर टीका करत होते. एका माणसाने लहर म्हणून केलेले, संपूर्णतया असमर्थनीय आणि क्रूर असे इराकवरील आक्रमण, असे ते बोलून गेले. लगेच सावरून त्यांनी युक्रेन म्हटले, पुटपुटत इराकलाही जोडून घेतले आणि वयाकडे बोट दाखवले. श्रोते पुन्हा हसले, अठरा वर्षांपूर्वी त्या भोजनसमारंभात हसले होते तसेच. वाक्य मात्र उच्चारले गेले होते. त्यात कर्ता होता, विशेषणे नेमकी होती, आणि देशाचे नावही बरोबर होते.

इतिहासाला आणखी काय ठरवायचे आहे? डोनाल्ड रम्सफेल्ड आणि पॉवेल २०२१ मध्ये गेले, चेनी २०२५ मध्ये. प्रत्येकाच्या मृत्युलेखात मतभेद, गुंतागुंत, कठीण काळ हे शब्द आले. मृतांविषयी वाईट बोलू नये हा संकेत आपण पाळतो. मग तो आधी इराकच्या मृतांना लागू करावा, आणि ते कशाने मेले याविषयी खोटे बोलणे थांबवावे. हा आग्रह सूडाचा नाही. ठाम भाषण, झाकलेले चित्र, पुढे ढकललेली कवितेची सभा आणि कर्ता नसलेली वाक्ये असा सगळा सरंजाम पुढच्या कोणत्याही युद्धाला, कोणत्याही देशात, जसाच्या तसा वापरता येतो. तो ओळखायला शिकवणे साहित्याच्या वर्गात शक्य आहे, आणि आमच्या मते तेथे ते झालेच पाहिजे. निवाडा लांबणीवर टाकणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू: साक्षी-पुरावे समोर आहेत, साक्षीदार अजून हयात आहेत, मग तारीख पुढची कोणाच्या सोयीसाठी मागता?